बाहेरून लावलेली कडी

लग्नाआधी मी त्याला सगळं सांगितलं होतं. पाहुणे बघायला आले, चहा झाला, आणि मोठ्या माणसांनी आम्हा दोघांना मागच्या खोलीत बोलायला पाठवलं. बालाघाटातलं आमचं घर दोनच खोल्यांचं. पडद्यापलीकडे सगळे बसलेले, बशांचा आवाज ऐकू येत होता. मी आवाज खाली करून म्हणाले, "मले एक आजार आहे. मनाचा. रोज गोळ्या घेते, जन्मभर घ्याव्या लागतील."

"कोणता?"

मी सांगितलं. नागपूरला कॉलेजात असताना दहा-अकरा दिवस झोपलेच नव्हते, मला सगळं जग हाताशी आलंय असं वाटत होतं. त्यानंतर चार महिने अंथरुणातून उठता येत नव्हतं. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात. आता गोळ्यांवर नीट आहे, शाळेत गणित शिकवते.

त्याने जरा विचार केला. मग म्हणाला, "शुगरवाल्याईले नाई का रोज गोळी लागत? तसंच हे." थोडं थांबून म्हणाला, "पण माह्या मायले सांगू नको. उगाच टेंशन घेईन ते."

पहिल्या वाक्याचा आनंद इतका मोठा होता की दुसरं मी तिथल्या तिथे मान्य करून टाकलं. महिन्याभरात आमच्या वॉर्डातल्या विहारात लग्न झालं.

तो उकव्याच्या मँगनीज खाणीत इलेक्ट्रिशियन. आम्ही दोघं बालाघाटातच वेगळं घर करून राहिलो, सासूबाई गावी लालबर्ऱ्याला. तो पहाटेची बस धरायचा, संध्याकाळी परत. पहिली दोन वर्षं चांगली गेली. गोळ्यांचा डबा फ्रिजवर असायचा आणि त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. मला ते फार आवडायचं. माझा आजार त्या घरात एका डब्याएवढाच होता.

दिवस राहिले तेव्हा आम्ही गोंदियाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या बदलल्या, पोटातल्या बाळाला चालतील अशा दिल्या. बोलत होते मात्र सगळा वेळ माझ्या नवऱ्याशी. "बाळंतपणानंतर यांची झोप मोडू देऊ नका. रात्रीचं दूध तुम्ही पाजा. आणि ही लक्षणं दिसली की लगेच आणा." एका कागदावर त्यांनी पाच गोष्टी लिहून दिल्या. झोप कमी होणं. बोलणं वाढणं. विनाकारण हसणं. चिडचिड. मोठमोठे बेत. मी शेजारच्या खुर्चीत बसून तो कागद उलटा वाचत होते. घरी आल्यावर नवऱ्याने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

मुलगी मे महिन्यात झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं रात्री तोच उठायचा. माझी आई सोबतीला होती. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. फक्त मला झोप येत नव्हती, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. तो बाळाला मांडीवर घेऊन बसायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून पडायचे. आपली बायको शांत झोपली आहे याचं त्याला किती समाधान वाटतं हे मला कळत होतं. ते मोडवत नव्हतं.

बाविसाव्या दिवशी त्याची सुट्टी संपली. तो खाणीत गेला. आई आंघोळीला गेली. आणि मला एकाएकी पक्कं कळलं, म्हणजे तेव्हा मला ते कळणंच वाटत होतं, की या पोरीला आजच नदी दाखवली पाहिजे. आज नाही दाखवली तर तिची नजर कायमची अधू राहील. मी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि निघाले. पायात चप्पल नव्हती. मेमधली दुपार, डांबर पायाला चिकटत होतं आणि मला काही जाणवत नव्हतं. वैनगंगेच्या पुलाशी टरबुजं घेऊन बसणाऱ्या एका माणसाने मला थांबवलं. त्याने मला त्याच्या ताडपत्रीखाली बसवलं, बाळाच्या ओठांना पाणी लावलं आणि माझ्याकडून कसाबसा नवऱ्याचा नंबर काढून घेतला.

नवरा खाली खाणीत होता. तिथे फोन लागत नाही. तो वर आला तेव्हा फोनवर एकोणीस मिस कॉल होते. कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून तो आला. ओरडला नाही. माझ्या मांडीवरून मुलीला उचलताना टरबूजवाल्याला खालून हात धरावा लागला.

मुलगी दोन दिवस सलाईनवर होती. मी बारा दिवस गोंदियाला भरती होते. लालबर्ऱ्याला सासूबाईंना कळवलं की सुनेला कावीळ झाली आहे, घरी येऊ नका, लागण होईल.

त्या दुपारबद्दल तो माझ्याशी कधीही बोलला नाही. एक शब्द नाही. रागावला असता तर मी माफी मागितली असती. त्याने मला काही मागूच दिलं नाही. तो फक्त बघायला लागला.

दाल खारट झाली आणि मी ताट जरा जोरात ठेवलं की विचारायचा, "गोळी घेतली का?" बहिणीशी फोनवर बोलताना हसले की दारात येऊन उभा राहायचा. काही म्हणायचा नाही. मग माझं हसू आपोआप बारीक व्हायचं आणि मी म्हणायचे, "चल, ठेवते." रोज संध्याकाळी तो गोळ्यांची पट्टी उजेडात धरून रिकाम्या जागा मोजायचा. मी सहज म्हणाले की परसात चार कुंड्या लावू, तर त्याचे डोळे कपाटाच्या दाराकडे गेले. कुंड्या म्हणजे मोठा बेत होता का, हे मला आजही ठाऊक नाही.

आणि तो बाप म्हणून फार चांगला होता. हे सांगितलं नाही तर मी खोटी ठरेन. शिफ्टवरून आला की हातपाय धुऊन मुलीला तेल लावायचा, पायावर घेऊन आंघोळ घालायचा. वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. मी मान हलवायचे. त्यांना काय सांगू? की त्याने एकेक करून सगळी कामं उचलली आणि माझ्याकडे फक्त दूध पाजणं उरलं. मुलगी सहा महिन्यांची असताना पलंगावरून घसरली, रडली. मी हात पुढे केले. ती माझ्या हातांवरून पलीकडे, त्याच्याकडे झेपावली. त्याने तिला घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं, झालं, बाबा आहे ना." मला त्याचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. पण बोलले नाही. पुलावरच्या दुपारनंतर तक्रार करायचा हक्क आपण गमावला, असं मी मनाशी धरून बसले होते.

डिसेंबर आला. मुलगी सात महिन्यांची, दात येत होते. त्याच्या दोन डबल शिफ्ट लागल्या आणि त्या रात्री मीच उठले. शनिवारी गाद्यांच्या खोळी धुतल्या, रजया उन्हात टाकल्या, शाळेत फोन करून जानेवारीपासून येऊ का म्हणून विचारलं. ते हो म्हणाले. मी बहिणीला फोन करून ती बातमी दिली आणि मोठ्याने हसले. तो दारात उभा होता.

रविवारी सकाळी चहा पिताना मी त्याला सांगितलं, "जानेवारीपासून शाळेत जाईन म्हणते."

"आज किती वाजता उठली?"

"पाचले."

"आन् काल?"

"पोरगी रडून राह्यली होती. काहून?"

"काही नाई." त्याने कप खाली ठेवला. "दुपारी झोप जराशी. मी पाहतो तिले."

मला बरं वाटलं. खरंच थकले होते. अकराच्या सुमारास मुलीला पाजून मी आडवी झाले आणि गाढ झोपले.

जाग आली ती छातीतल्या ठणक्याने. दूध भरून ब्लाउज ओला झाला होता. घड्याळात दोन. घरात इतकी शांतता की मला आधी वाटलं, दोघंही झोपलेत. पाळणा रिकामा. पुढची खोली रिकामी. दुपट्यांची पिशवी खुंटीवर नव्हती. मी दार ओढलं. ते उघडलं नाही. पुन्हा ओढलं. बाहेरची कडी आपल्या जागी खडखडली.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. चौथ्यांदा लावल्यावर मेसेज आला. आम्ही दोघंही लिहायला हिंदीतच शिकलेलो, मेसेज हिंदीतच असतात. 'माँ के पास लालबर्रा आया हूँ। गुड़िया ठीक है। तू आराम कर।'

त्या क्षणी मला काय करावंसं वाटलं ते मी लपवणार नाही. दार लाथेने फोडावं. खिडकीची काच फोडावी. गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं, माझं लेकरू कुणी नेलं म्हणून. कुठलीही आई ओरडली असती आणि लोक तिच्या बाजूने धावले असते. पण मी ओरडले असते तर ते लक्षण ठरलं असतं. मी दारावर मूठ उगारली होती, ती तशीच खाली आणली. कपाट उघडलं. आतल्या बाजूला तो कागद. चिडचिड. मी साडी बदलली, कोरडा ब्लाउज घातला, केस विंचरून घट्ट वेणी घातली, तोंड धुतलं. आरशात बघून दोनदा म्हणून पाहिलं, "काकू, जरा कडी उघडता का?" पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा बरा आला.

मग खिडकीत जाऊन शेजारच्या काकूंना हाक मारली.

"अरे, ये तो बाहर से बंद है!" काकू कडी काढत म्हणाल्या.

"हौ काकू, ते घाईत गेले. विसरले असतील," मी म्हणाले आणि हसले. मोजून हसले.

बसस्टँडवर लालबर्ऱ्याची गाडी उभीच होती. खिडकीशी बसले. पदर छातीवर गच्च धरला, दूध गळतच होतं. गाडी पुलावर आली तेव्हा मी नदीकडे बघितलं नाही. पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर कुणीतरी कोरलेलं होतं ते वाचत राहिले. शेजारच्या बाईने विचारलं, "कहाँ जा रही हो?" मी म्हणाले, "ससुराल." तिने सांगितलं की तिच्या मुलीचंही सासर तिकडेच आहे, राइस मिलच्या मागे. मी तिच्याशी नीट बोलले. ही बाई उद्या साक्षीला आली तर काय सांगेल, याच विचाराने मी तासभर बोलत होते.

सासूबाईंचं घर रस्त्याला लागूनच. बाहेरूनच मला मुलीचं रडणं ऐकू आलं. कितीतरी वेळ रडल्यावर घसा बसतो, तसं. ओसरीवर सासूबाई तिला मांडीवर घेऊन चमच्याने गाईचं दूध पाजत होत्या आणि ती तोंड फिरवत होती. नवरा उभा होता. मला बघून तो दोन पावलं पुढे आला.

"तू कशी आली?"

मी सरळ ओसरीवर चढले. सासूबाईंसमोर बसले, हात पुढे केले. "द्या आई." त्यांनी दिलं. मी पदराखाली घेतलं आणि मुलगी इतक्या जोरात ओढायला लागली की मला कळ आली. अंगणात बराच वेळ तेवढाच एक आवाज होता.

सासूबाई मुलाकडे बघून म्हणाल्या, "तू त म्हणत होता का ते माहेरी गेली दोन दिवस."



"मी घरीच होते आई. झोपले होते. यायनं बाहेरून कडी लावली आन् पोरीले घेऊन आले."

"कडी? बाईले कोंडून आला तू? काहून?"

आता आमच्यापैकी कुणाला तरी बोलणं भाग होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला विनंती दिसली, बोलू नको म्हणून. तीन वर्षं मी ती पाळली होती.

"मले कावीळ नव्हती झाली, आई," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. कॉलेजपासून. गोळ्या, डॉक्टर, नदीचा पूल, टरबूजवाला, सलाईन. सांगताना मुलीच्या टाळूवरून हात फिरवत होते, आवाज चढू नये म्हणून.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. त्या मला जवळ घेतील असं मला वाटलं नव्हतं आणि त्यांनी घेतलंही नाही. त्या चिडल्या, आणि आमच्या दोघांवर चिडल्या. "तीन साल तुम्ही मले खोटं सांगितलं. मी कावीळ समजून तुह्यासाठी औषध पाठवलं बाई, झाडपाल्याचं. ते फेकलं असंन तुम्ही." आम्ही फेकलं होतं. मग गाईचं दूध बाजूला ठेवत म्हणाल्या, "ऐका. पोरगी राहू दे इथंच माह्यापाशी. दोन साल. तुहा दवाखाना होऊ दे नीट. मोठी झाली का घेऊन जा."

हे मला कडीपेक्षा जास्त लागलं, कारण त्या प्रेमाने बोलत होत्या. आणि नवऱ्याने लगेच नकार दिला नाही. तो जमिनीकडे बघत होता. मला दिसत होतं की त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरतंय, त्याला ते हवंसं वाटतंय.

"तुम्ही सांगा," मी त्याला म्हणाले.

"मायचं चुकीचं नाई," तो हळूच म्हणाला.

मुलगी दूध पिता पिता झोपली होती. मी तिला खांद्यावर घेतलं. आवाज, कसा कोण जाणे, सरळ आला. "उद्या गोंदियाले जाऊ. तिघंही. डॉक्टर म्हणाले का माही तब्येत त्या पुलाच्या दिवसासारखी चढून राह्यली, त मी तिथल्या तिथं भरती होईन. पोरगी तुमच्या हातात देईन, आईजवळ ठेवा. एक शब्द बोलणार नाही. पण डॉक्टर नाही म्हणाले, त तुम्ही पुन्हा कडी लावायची नाही. कधीच."

सासूबाई म्हणाल्या, "हे बरोबर बोलली." एवढंच म्हणाल्या आणि चूल पेटवायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नेहमीसारखं नवऱ्याला विचारलं, "कशा आहेत या?" मी म्हणाले, "सर, माझ्याकडे बघून मला विचारा." हेही चिडचिडीत धरलं जाईल की काय! डॉक्टर एक क्षण थांबले, मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. अर्धा तास विचारलं. झोप, खाणं, विचारांचा वेग, शाळेचा फोन. मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही किती झोपता?"

त्याने मांडीवरच्या मुलीचं टोपडं सारखं केलं.

"सांगा की."

"सर, मी..." तो थांबला. मुलगी त्याच्या शर्टाचं बटण ओढत होती. "खाणीत खाली असलो का फोन लागत नाई. आठ घंटे. वर आलो का पह्यले फोन पाहतो. एक जरी मिस कॉल दिसला न, त मले वाटते का झालं. संपलं सगळं. घरी आलो तरी झोप नाई येत. हिचा श्वास ऐकतो, पोरीचा ऐकतो. परवा बिजलीच्या पॅनलवर काम करताना डोळा लागला. सोबतच्यानं ओढलं म्हणून वाचलो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. सात महिने मला वाटत होतं की तो मला दोषी धरून बघतोय. तो मरणाचा घाबरला होता. मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी रागही आला, कारण हे त्याने मला सांगायला हवं होतं. डॉक्टरांना सांगताना मी शेजारी बसलेली म्हणून मला कळलं. पण मी तरी माझी झोप उडाल्याचं त्याला कुठे सांगितलं होतं?

आता डॉक्टर म्हणतील की मी बरी आहे आणि मी जिंकेन, असं मला वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, "सुरुवात असेल, नसेलही. दोन रात्री जागलेल्या कुठल्याही आईसारख्या दिसताहेत. आज ठरवता येत नाही." त्यांनी रात्रीची गोळी थोडी वाढवली, आठ दिवसांनी बोलावलं, आणि नवऱ्यालाही झोपेसाठी वेगळं बोलावलं. म्हणजे तो पूर्ण चुकला नव्हता आणि मी पूर्ण बरोबर नव्हते. ते गिळायला मला कडीपेक्षा जास्त वेळ लागला.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनच्या बाकावर बसून आम्ही दवाखान्याच्या फाईलच्या मागच्या पानावर लिहून काढलं. हिंदीत, कारण दोघांचाही हात तिथेच चालतो. मुलीला कुठेही नेताना मला उठवून, सांगून न्यायचं. गोळीबद्दल दिवसातून एकदाच विचारायचं, संध्याकाळी. मुलीची आंघोळ मी घालणार, पहिले काही दिवस तो दारात उभा राहिला तरी चालेल. मी झोपेबद्दल खोटं बोलणार नाही. आणि शेवटचं माझ्याकडून होतं: तो आणि सासूबाई, दोघंही म्हणाले की मी चढते आहे, तर मी वाद न घालता दवाखान्यात जाईन.

"मायले काहून मधात?" त्याने विचारलं.

"कारण ते आपल्या दोघांवरही चिडते," मी म्हणाले. तो हसला. कितीतरी महिन्यांनी.

कपाटावरचा कागद त्याने स्वतः काढला. गोंद घट्ट होता, पाठचा पापुद्रा दाराला तसाच राहिला.

यापुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या आंघोळीच्या दिवशी तो दारात उभा राहिला आणि माझ्या हातून साबण लागून मुलगी निसटली, पाटावर आपटली. आम्ही दोघंही रडलो, ती एकटीच गप्प झाली. एकदा आम्ही महिनाभर एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. जानेवारीत शाळा सुरू करायची राहिली, ती जूनमध्ये केली.

खरी परीक्षा मुलगी चार वर्षांची असताना झाली. तेव्हा मी खरोखर चढले होते. मला माहीत नव्हतं, ते कुणालाच आतून माहीत नसतं. सकाळी सातला त्याने मला समोर बसवलं. खाणीत गेला नव्हता. सासूबाई आदल्या दिवशीच लालबर्ऱ्याहून आल्या होत्या आणि मी त्यांना नव्या शाळेचा नकाशा काढून दाखवला होता, मी काढणार होते ती शाळा.

"चार दिवस झाले, तू तीन घंट्यांच्या वर झोपली नाई," तो म्हणाला. "आपल्याले गोंदियाले जा लागते. मी सांगून राह्यलो तुले. तुह्या तोंडावर."

मी त्याला काय काय बोलले! तुमच्या पोटात दुखते माझी शाळा पाहून. तुम्हाला पोरगी एकट्याला पाहिजे. तुम्ही तेव्हाही कोंडलं होतं. तो खाली बघत नव्हता, माझ्याकडेच बघत होता, आणि त्याचे डोळे वाहत होते. दार सताड उघडं होतं. मी कधीही उठून जाऊ शकले असते. मला वाटतं, त्या उघड्या दारामुळेच मी सासूबाईंकडे वळले आणि विचारलं, "आई, तुम्ही पण?"

"हौ बाई," त्या म्हणाल्या. "मी पण."

मुलगी आतून आली. मी तिला उचललं, मुका घेतला आणि माझ्या हातांनी त्याच्याकडे दिलं. त्यानंतरचे तीन आठवडे मला तुटक आठवतात. पण हे आठवतं की रोज संध्याकाळी वॉर्डातली नर्स फोन आणून द्यायची आणि पडद्यावर तो मुलीला माझ्यासमोर धरायचा. कितीतरी दिवस मला एखाददुसराच शब्द बोलता येत होता. तो तिला म्हणायचा, "आईले बरं नाई, आई येणार आहे, तू तुही गोष्ट सांग." ती सांगायची. त्याने तिला कावीळ वगैरे सांगितलं नाही. घरी आले तेव्हा ती जरा लांब उभी राहिली, मग येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का. आणि मग मांडीवर बसली.

आता ती आठ वर्षांची आहे. या फेब्रुवारीत आम्ही तपासणीला गोंदियाला गेलो होतो. बाहेरच्या बाकावर समोर एक मुलगी बसली होती, वीस-बावीस वर्षांची, सात-आठ महिन्यांची गरोदर. फाईल तिच्या नवऱ्याच्या हातात. नर्सने नाव विचारलं, त्याने सांगितलं. वय विचारलं, त्याने सांगितलं. रात्री झोप लागते का विचारलं, त्याने सांगितलं, लागते. ती आपल्या चपलांकडे बघत होती. तो काही वाईट माणूस वाटत नव्हता. तिच्यासाठी घरून उशी घेऊन आला होता, पाठीला.

माझा नवरा उठला आणि त्याला म्हणाला, "चाल भाऊ, चहा घेऊ. तुमचा नंबर याले टाइम आहे." तो तयार होईना, तिच्याकडे बघत राहिला. "मी बसते इथं," मी म्हणाले. मग फाईल बाकावर ठेवून गेला, जाताना दोनदा वळून.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. काय बोलावं ते सुचेना. शेवटी विचारलं, "झोप लागते का रात्री?"

तिने दाराकडे बघितलं. मग मान हलवली, नाही म्हणून. "पण यायले नका सांगू," ती म्हणाली. "लय फिकर करतात. बाळ झालं का मोठ्या जाऊबाईकडे ठेवू म्हणतात."

"तुले काय वाटते?"

तिला हे कुणी विचारलं नसावं. मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "मले माह्याजवळ पाहिजे. पण भेव लागते."

"हे दोन्ही डॉक्टरले सांग," मी म्हणाले. "तुहा नवराही खुर्चीत असतानी. दोघाईसमोर सांग."

दोघं चहा पिऊन परत आले तेव्हा तिचा नंबर पुकारला गेला. तिच्या नवऱ्याने सवयीने फाईलसाठी हात पुढे केला. फाईल तिच्या मांडीवर होती. ती फाईल घेऊन उठली, एक हात कमरेवर ठेवून, सावकाश. तो उशी काखेत घेऊन तिच्या मागे आत गेला आणि दार लोटलं गेलं. आत काय झालं ते मला माहीत नाही. आमचा नंबर त्यानंतर तिसरा होता.